सुधींद्ररावांची संथ नाडी

मंडळाच्या वार्षिकात यंदा शेजाऱ्यांवर लिहायचं ठरलं आणि सुधींद्ररावांवर तुम्हीच लिहा, असा मला निरोप आला. मी नको म्हणालो. एक तर मला लिहायची सवय नाही. चेन्नईजवळच्या अवडीच्या कारखान्यात जन्म गेला, तिथे यंत्रांच्या दुरुस्तीच्या चार ओळींपलीकडे कधी काही लिहिलं नाही. दुसरं म्हणजे सुधींद्ररावांना मी ओळखत होतो असं मला खात्रीने म्हणता येत नाही. चेन्नईतल्या मैलापुरात आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर होतं, तरी त्यांच्या वडिलांचं नाव मला माहीत नाही. त्यांचं बालपण तंजावरला गेलं की कुंभकोणमला, याचा माझ्या मनात अजून गोंधळ आहे. गाणं त्यांना आवडायचं का? मैफिलींच्या मैलापुरात राहून एवढंही विचारलं नाही. मला ठाऊक आहे ते त्यांच्या आयुष्यातलं जेमतेम एक वर्ष, आणि तेही बरंचसं जिन्यात आणि गच्चीवर कळलेलं. तेवढंच लिहितो. चुकलं तर त्यांनी माफ करावं.

त्यांचं मराठी जुनं, तंजावरकडचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे मुद्दाम थट्टा करतायत. त्यांना माझ्या मराठीबद्दल तसंच वाटलं असावं.

"मामा, तुम्ही सातारकडचे लोक फार भरभर बोलतां," ते एकदा म्हणाले. "तुमचं वाक्य संपतं तेव्हां मी पहिल्या शब्दापाशीं असतों."

या गल्लीत वयाने मोठा असलेला कुणीही माणूस मामा. मला त्याची सवय व्हायला काही वर्षं लागली. सुधींद्रराव पन्नाशी ओलांडलेले, गिंडीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात खरेदी विभागात. बारीक अंगाचे, शर्ट नेहमी खोचलेला. त्यांच्या पत्नी श्रीलक्ष्मीबाई बोलक्या. घरातलं बोलणं त्याच करायच्या. मुलगा अक्षत त्रिचीला इंजिनिअरिंगला.

आमची खरी ओळख झाली ती औषधांच्या दुकानात. मी माझी गोळी मागितली, दुकानदाराने दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली, आणि मागे सुधींद्रराव उभे होते. दुसरं पाकीट त्यांचं. एकच गोळी. बाहेर आल्यावर ते चप्पल शोधत असल्यासारखे खाली बघत राहिले.

"तुम्हांसही धडधड?"

"बरीच वर्षं."

"मजला दोन वर्षं झालीं. मध्येंच सुटतं, सुतळी तुटल्यासारखं." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मामा, हें ऑफिसांत ठाऊक नाहीं."

मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी त्यांच्या कंपनीने पन्नाशीच्या पुढचे काही लोक घरी बसवले होते. कारण कुणी सांगितलं नाही. पण गेलेल्यांपैकी एकाला मधुमेह होता, एकाची बायपास झाली होती, एक पाठीच्या दुखण्यासाठी रजा घ्यायचा. उरलेल्यांनी आपापला अर्थ लावला. तेव्हापासून त्या ऑफिसात कुणी शिंकायला तयार नव्हतं. अक्षतचं शिक्षण संपायला अजून दोन वर्षं होती. तोवर नोकरी टिकली पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

ही गोळी ज्यांनी घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती हृदयाला लगाम घालते. तुम्ही जिना चढा, बसच्या मागे धावा, नाडी फारशी वाढत नाही. छातीत शांत असतं, पण पाय शिशाचे होतात आणि धाप लागते. मी म्हातारा, मला चालतं. गाडी हळू चालवायची सवय झाली की झालं.

आता माझी नात ऊर्मी. ती इथल्या एका कॉलेजात व्यायामशास्त्राचा अभ्यास करते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या धडधाकट माणसांचा दम किती असतो, हे मोजणं हा तिचा विषय. मला तिने स्वयंपाकघरातल्या पाटावर चढायला-उतरायला लावून समजावलं होतं.

"आजोबा, माणसाला धाप लागून पडेपर्यंत पळवायचं नसेल तर हा सोपा मार्ग. एका ठोक्यावर ठरावीक वेळ पायरी चढायची, उतरायची. छातीवरचा पट्टा नाडी मोजतो. तेवढ्याच कामाला ज्याची नाडी कमी वाढते, त्याचा दम जास्त. त्यावरून शरीर किती प्राणवायू वापरू शकतं याचा अंदाज काढायचा."

"म्हणजे माझी नाडी वाढत नाही म्हणून मी पैलवान?"

"तुम्हाला मी घेणारच नाही. गोळ्या घेणारी माणसं चालत नाहीत."

गिंडीतल्या ज्या ऑफिसांनी तिला परवानगी दिली त्यात सुधींद्ररावांचं ऑफिस निघालं. पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे, आणि दोघांचं जुळतं.

कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून मधे लाकडी पायरी ठेवली होती. सगळे रांगेत, हुद्द्याप्रमाणे. सुधींद्ररावांचे मॅनेजर नटेशन पायरीपाशीच खुर्ची टाकून बसलेले. खरं तर आधी प्रत्येकाला बाजूला नेऊन विचारायचं असतं, पण बाजूला जागा नव्हती, आणि ऊर्मीसोबतची मुलगी त्या दिवशी आली नव्हती. रांगेतच विचारणं चाललं होतं. समोर आमचे शेजारी बघून ऊर्मीला वाटलं, आपण मराठीत विचारलं की झालं. इथे कुणाला कळतंय.

"काका, रोजची काही टॅबलेट? बीपीची, हार्टची वगैरे?"

वाक्य मराठी होतं, पण त्यातले टॅबलेट, बीपी आणि हार्ट हे शब्द रांगेतल्या प्रत्येकाला कळले. नटेशन पुढे झुकले.

"नो, नो! नथिंग!" सुधींद्रराव इंग्रजीत मोठ्याने म्हणाले.

मग पायरी. ते चढले, उतरले, चढले, उतरले. तोंड लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. ऊर्मीने विचारलं, किती दमलात, तर मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. आणि नाडी मात्र देवळातल्या पुजाऱ्यासारखी, आपल्याच चालीने. यंत्राने जो अंदाज काढला तो अख्ख्या ऑफिसात सगळ्यात वरचा. पंचविशीतल्या पोरांच्याही वरचा.

ज्याचा आकडा त्यालाच सांगायचा, असा ऊर्मीचा नियम. पण नटेशन पायरीपाशीच होते. खाली उतरलेल्या प्रत्येकाला ते, "हाऊ मच?" असं विचारायचे आणि कॅन्टीनच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून काढायचे. मॅनेजरने विचारल्यावर नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या आठवड्यात लिफ्टजवळ सुधींद्ररावांचा फोटो लागला. खाली 'हार्ट ऑफ अवर ऑफिस'. श्रीलक्ष्मीबाईंनी त्या फोटोचा फोटो मागवून तंजावरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि मलाही जिन्यात थांबवून दाखवला.

"पाहिलं का मामा? ऑफिसांतले अस्के तरणे पोरं खालीं, हे वर!"

"वा," मी म्हणालो.

"मी यांस म्हणतें, आतां ती गोळी पुरे. यंत्र काय खोटं बोलेल?"

सुधींद्रराव त्यांच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते, पण तिचं वर्णन मला जमणार नाही.

त्याच आठवड्यात ऊर्मी जेवताना म्हणाली, "आजोबा, नाव नाही सांगणार. एक गृहस्थ आहेत. नाडी शंभरीलाही गेली नाही आणि श्वास मात्र भात्यासारखा. असं कधी होतं?"

मी भातावर रसम वाढून घेत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फडताळावरच्या माझ्या गोळ्यांच्या डब्याकडे पाहिलं, आणि ताट तसंच ठेवून उठली.

ती त्यांना गच्चीवर भेटली. मी वाळलेले कपडे काढायला गेलो होतो, म्हणून तिथे होतो. खाली जायला हवं होतं, पण दोघांनीही मला जा म्हटलं नाही.

"काका, तुमचं माप मी माझ्या अभ्यासातून काढून टाकलंय. त्याचं कारण मला कुणाला सांगावं लागत नाही. चूक माझी आहे, मी तसं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

"अन् ऑफिसाच्या फळ्यावरलं?"

"ते त्यांनी लिहून घेतलं. त्यांना तुमच्याबद्दल काही सांगायचा मला अधिकार नाही. तुम्हीच सांगू शकता."

सुधींद्रराव हसले. "कन्ने, पोरी, मी तर धावणार आहें."

तेव्हा कळलं. त्यांच्या कंपनीच्या सगळ्या शाखांची मिळून एक दौड असते, बेझंट नगरच्या समुद्राच्या रस्त्यावर. गिंडी ऑफिसचा कप्तान म्हणून नटेशननी सुधींद्ररावांचं नाव मुख्य कचेरीला कळवून टाकलं होतं. शिवाय दौडीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा पायरीचं माप घ्यायचं होतं, कप्तानाची प्रगती दाखवायला.

"आतां ऐका माझी मजा," ते म्हणाले. "गोळी घेतली तर पायरीवर पहिला, रस्त्यावर पाय उचलत नाहीं. गोळी सोडली तर पाय उचलेल, अन् पायरीवर नाडी बोंब मारेल. डॉक्टर म्हणतो, एकदम सोडाल तर दोन्ही नको, सरळ माझ्याकडे या."

"काका, सोडू नका," ऊर्मी म्हणाली. "एकदम सोडली तर हृदय उधळतं. प्लीज."

"सेरी, सेरी. बरं. नाहीं सोडत."

ती खाली गेल्यावर मी म्हणालो, "ऑफिसात सांगून टाका." माझ्या तोंडून असा सल्ला क्वचितच निघतो. म्हणून की काय, त्यांनी तो ऐकला.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते गच्चीवर आले. मला वाटलं, सुटले. पण ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि नटेशनची नक्कल करू लागले. त्यांना नकला येत होत्या, हेही मला त्या दिवशी कळलं.

"मी दार लावलं. म्हटलं, सर, मी हृदयाची गोळी घेतों. तो माणूस घाबरला, पण माझ्यासाठीं नव्हे. म्हणाला, 'सुधींद्र, हळू बोला. कोण गोळी घेत नाही? मी तीन घेतो.' म्हटलं, सर, तें माप खोटं आहे. म्हणे, 'माप खोटं कसं? मी स्वतः फळ्यावर लिहिलं. मुख्य कचेरीला पाठवलं. आता खोटं म्हणून पाठवू? मग माझं काय?' मी म्हटलं, मग मी काय करूं? 'हळूहळू धावा. फोटोपुरतं.' अन् मग उठून माझा खांदा थोपटला. 'हे बोलणं झालंच नाही.'"

"मग?"

"मग काय. झालंच नाहीं."

खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. सुधींद्रराव ते ऐकत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "घरीं सांगितलं तर ती म्हणते, यंत्र बरोबर, डॉक्टर चूक. ऑफिसांत सांगितलं तर तो म्हणतो, फळा बरोबर, मी चूक. खरं ऐकून घ्यायला कोणासच वेळ नाहीं, मामा. तुम्ही ऐकतां, पण तुमचा काय उपयोग?"

ते खरंच होतं. मला राग आला नाही.

दुसऱ्या मापाला ऊर्मीने नकार कळवला. आमच्या पद्धतीत बसत नाही, एवढंच कारण दिलं. नटेशननी दुसरीकडून कुणाला तरी आणलं. त्याने काही विचारलंच नाही, आणि सुधींद्रराव पुन्हा पहिले आले. फोटोशेजारी दुसरा फोटो लागला. त्या दिवसांत ते मला जिन्यात भेटले की पायऱ्यांवर मधेच थांबायचे आणि कठड्याला धरून चप्पल झटकल्यासारखं करायचे. मीही थांबायचो. आम्ही दोघं एकाच गोळीवर, जिना एकाच चालीने चढायचो, आणि मधल्या वळणावर भाज्यांचे भाव बोलायचो.

दौडीच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "गोळी?"

ते जिन्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "अजून संध्याकाळची घ्यायची आहे. पाहूं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. समोरचं दार वाजवावं असं वाटत होतं, आणि वाजवून काय म्हणणार ते सुचत नव्हतं. सकाळी ऊर्मी म्हणाली, "आजोबा, चला, मला एकटीला जाववत नाही." आम्ही ऑटोने गेलो.

समुद्रावर लख्ख ऊन पडायच्या आधीची वेळ. नारिंगी बनियन घातलेले शेकडो लोक, लाउडस्पीकर, केळ्यांचे घड, पाण्याच्या बाटल्या. श्रीलक्ष्मीबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, मोबाइल वर धरून. मुख्य कचेरीचे साहेब पांढऱ्या टोप्या घालून मांडवात. नटेशन सुधींद्ररावांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे आणत होते. कप्तानाच्या बनियनवर मागे मोठं लाल हृदय छापलेलं होतं.

मी कठड्याला धरून उभा होतो. त्यांनी गर्दीत मला शोधलं की सहज नजर वळली, सांगता येत नाही. त्यांनी हाताने गोळी तोंडात टाकल्याची खूण केली आणि मान डोलावली. ऊर्मीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

शिट्टी झाली. सगळे सुटले. सुधींद्रराव चालू लागले.

हळू धावले नाहीत, फोटोपुरतंही धावले नाहीत. संध्याकाळी कपालीश्वराच्या तलावाला फेरी मारायला निघावं तसे, हात किंचित मागे, चालले. पोरं त्यांना दोन्ही बाजूंनी ओलांडून जात होती. कुणीतरी ओरडलं, "सार, कम ऑन सार!" त्यांनी त्याला हात केला. श्रीलक्ष्मीबाई मोबाइल खाली घेऊन तमिळमध्ये ओरडत होत्या, "धावा हो! लोक बघतायत!" नटेशन त्यांच्या बाजूने काही अंतर पळत गेले, काहीतरी बोलत, विनवत. मग थांबले आणि एकटेच परत आले.

बक्षिसं वाटून झाली. केळी संपली. मांडवाचे बांबू सोडायला माणसं आली तेव्हा रस्त्याच्या वळणावर ते दिसले. मुख्य कचेरीचे दोघं-तिघं निघायच्या बेतात होते, ते थांबले. त्यातल्या एकाने हसत विचारलं, "काय कप्तान, काय झालं?"

नटेशन म्हणाले, "पायात पेटका आला, सर."

"पेटका नाही," सुधींद्रराव इंग्रजीत म्हणाले. धाप लागली होती, तरी शब्द सुटे सुटे आणि मोठे होते. "मी हृदयाची गोळी घेतो. दोन वर्षं. त्यामुळे तुमचं माप चुकलं. मला धावता येत नाही." मग नटेशनकडे वळले. "आता तरी झालं ना, सर, हे बोलणं?"

ऊर्मीने पाण्याची बाटली नेऊन दिली. ते बांबूच्या ढिगावर बसून प्यायले.

पुढे जे व्हायचं ते झालं. महिनाभरात त्यांना बोलावून सांगितलं की, तब्येतीबद्दल खोटी माहिती दिल्याने कंपनीचा विश्वास उडाला आहे, मानाने निघा. ते निघाले. नटेशन अजून तिथेच आहेत असं ऐकतो. अक्षतने उरलेलं शिक्षण काढलं ते कर्जावर आणि शिकवण्या घेऊन. आता तो कुठेतरी लागलाही असेल. मला नक्की ठाऊक नाही.

श्रीलक्ष्मीबाई बरेच दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "थोडे धावले असते तर काय गेलं असतं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नको, तुम्ही नका सांगूं." सामान बांधायच्या दिवशी गोळ्यांची पाकिटं त्यांनी खोक्यात टाकली नाहीत, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

चेन्नईचं भाडं परवडणार नव्हतं. ते तंजावरला श्रीलक्ष्मीबाईंच्या भावाच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायला गेले. मेहुण्याच्या घरी राहायचं, यावर सुधींद्रराव एकदाच बोलले, आणि ते मी इथे लिहीत नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. सणाला फोन करावा असं दर वेळी ठरवतो. पण फोनवर मला बोलता येत नाही, आणि जिन्यात भेटल्याशिवाय आमचं बोलणं कसं सुरू होणार हे कळत नाही.

ते निघाले त्या दिवशी लॉरी गल्लीत उभी होती. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न लावून धरला होता. सुधींद्रराव किल्ली घरमालकाला द्यायला वर आले होते, आणि मी दारात उभा होतो. मला काहीतरी नीट बोलायचं होतं.

"मामा," ते म्हणाले, "न्हाणीघराच्या खिडकींतून मांजर येतं. नवे लोक येतील त्यांस सांगा, दूध उघडं ठेवूं नका म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो. "काळं ना?"

"काळं नव्हे, करड्या रंगाचं."

"बरं. सांगतो."